फुगवायला घातलेली नाव

कुंभारमळी, ता. वाळवा
१८ जानेवारी १९७६

चि. नाथाजीस आशीर्वाद.

आई म्हणाली लिही, म्हणून लिहितो आहे. पावणेदोन वर्षांत आपल्यात पत्र नाही, तेव्हा हे पत्र तिचं समज. अक्षर तेवढं माझं.

अंजनाला दिवस गेल्याचं तू आईला कळवलंस. आईची पत्रं मीच वाचून दाखवतो हे तू विसरला नसशील. म्हणजे माझी पोर नदीच्या पलीकडच्या काठाला दिलेली, इथून हाक मारली तर ओ देईल एवढ्यावर. आणि तिची बातमी सरहद्दीपर्यंत जाऊन, फिरून माझ्या हातात आली, ती मी तुझ्या अक्षरात मोठ्यानं वाचली. तुझी वहिनी शालू म्हणाली, "बापाला सांगाय लाजली आसंल." असेल. काकाला सांगताना लाजली नाही.

त्याच पत्रात तिचा डोहाळाही कळला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण व्हावं ते नावेत बसून. लग्नात तू तिला तसा शब्द दिला होतास म्हणे. मी बाप, मांडवात होतो, मला कुणी सांगितलं नाही.

तर शब्द देणारा लांब आहे आणि नाव मी आणली आहे.

कोयनानगरला धरणाच्या पाण्यावर मोजणीसाठी वापरायचे ती. सदुसष्टच्या भूकंपात शेडची भिंत तिच्यावर पडली, तेव्हापासून पालथी पडून होती. लाकडाची नव्हे, फायबरची. फौजेत असल्या असतात असं तिथला चौकीदार सांगू लागला. म्हटलं, फौजेचं मला सांगू नका. लांबी चौदा फूट सव्वादोन इंच, मधोमध रुंदी चार फूट आठ. तळाला पंजाएवढी जागा चेचलेली, डाव्या कुशीला तीन फुटांची चीर, शिवाय केसासारख्या रेघा सतरा. उसाच्या ट्रकवर घालून पाटण, कऱ्हाड करत आणली. घाटात दर वळणाला खाली उतरून दोर बघितला.

आता इंजिनाच्या खोपटाशेजारी जांभळीखाली ठेवली आहे. भाऊसो नावाडी येऊन बघून गेला. दोन्ही बाजूंनी फिरला, बोटानं वाजवून बघितली, मग म्हणतो, "मिस्त्री, ही नाव हाय का न्हाणीतलं घंगाळ?" आणि वर, "डोहाळजेवणाला माझी नाव न्या की. धुऊन देतो." त्याच्या नावेतून रोज शेणखत आणि शेरडं जातात. माझ्या लेकीची ओटी तिच्यात भरायची नाही.

दिवस ठरला आहे. शुक्रवार, सात मे. तेव्हा डोहातलं पाणी ताटात वाढल्यासारखं असतं.

तुला काही विचारायचं म्हणून हे लिहीत नाही. आईची तब्येत बरी आहे.

हंबीरराव मिस्त्री

१५ फेब्रुवारी १९७६

चि. नाथाजीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. आईला आलं, अंजनाला आलं. असो. मीही उत्तराची वाट बघत नव्हतो.

काम शास्त्रशुद्ध चालू आहे. जुनी नाव बरीच वर्षं कोरड्यात पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून हात लावण्याआधी ती पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या फुगतात, निम्म्या भेगा आपोआप मिटतात. आपले आबा याला नाव फुगवायला घालणं म्हणत. तुझ्या सुभेदारीच्या शिक्षणात हे आलं नसेल. पिंपरणीच्या डोहात, साडेचार फूट पाण्यात, पोटात तीस धोंडे भरून मी ती पंधरा दिवस बुडवून ठेवली आहे. उद्या काढणार.

भाऊसोनं इथंही तोंड घातलंच. "मिस्त्री, फळ्या न्हाईत तर फुगायचं काय? आमचं घंगाळ कवा फुगलेलं बघितलंय?" मी त्याला सांगितलं, हे काचेचं कापड आहे, थरावर थर. कापड म्हटलं की पाणी पिणारच.

कुणी शिकवल्याशिवाय येत नाही असं तुला वाटत असेल. मला ऑइल इंजिन कुणी शिकवलं? चौथी पास माणूस. सुट्या भागांच्या डब्यातून निघणारी इंग्रजी चोपडी आणि शाळेतल्या मास्तरांचा शब्दकोश, एवढ्यावर मी पस्तीस गावांची इंजिनं उघडली. इस्लामपूरपासून कडेगावापर्यंत हंबीरराव मिस्त्री म्हटलं की माणसं वाट सोडतात.

आणि लग्नाच्या दिवशी त्याच माणसाचं, त्याच्याच दारातलं इंजिन बंद पडलं. विहिरीचं पाणी थांबलं, पंगत थांबली. मी दोन तास नोझल खोलून बसलो होतो. तू आलास, गाडीतून उतरलास, अजून बूट काढले नव्हतेस. डिझेलच्या टाकीचं झाकण अर्धा आटा सैल केलंस. झाकणाचं भोक मेणचटलं होतं, हवा जात नव्हती, एवढंच. इंजिन चालू. सगळा मांडव हसला. तू हसला नाहीस, हे मी बघितलं. तू हसला असतास तर बरं झालं असतं.

मी तेव्हा जे बोललो ते सगळ्या गावाला पाठ आहे. "पाव्हणा म्हणून आलायस, पाव्हण्यावानी जेव आणि वाटेला लाग." तू जेवलाही नाहीस.

ते शब्द मी मागं घेत नाही. फक्त, ते मला आठवतात हे तुला माहीत असावं.

हंबीरराव मिस्त्री

२१ मार्च १९७६

चि. नाथाजीस आशीर्वाद.

नाव वर काढली. भेगा मिटल्या नाहीत. वजन थोडं वाढल्यासारखं वाटलं, जाताना चार माणसांनी उचलली होती, येताना सहा लागली. गाळ असेल.

रेझीन, ते कडक करणारा हार्डनर आणि ठिगळांसाठी काचेच्या धाग्यांची चटई कोल्हापूरहून आणली. पहिल्या दिवशी हार्डनर बेतानं घातला. दोन दिवस झाले तरी ठिगळ बोटाला चिकटतंय, कच्च्या पाकासारखं. तिसऱ्या दिवशी म्हटलं हात सैल सोडावा. डबा हातातच तापला, धूर निघाला आणि ब्रशासकट दगड झाला. ब्रश अजून त्यात उभा आहे. भाऊसो म्हणतो, "म्हादेवाची पिंड झाली, हळदकुकू वाहा." गुळव्या जसा पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो, तसं मी आता थोडं थोडं वाटीत कालवून घड्याळ लावून बघतो. सकाळी आठला एक माप, दुपारी बाराला त्याच्या निम्मं. वहीत लिहून ठेवलं आहे. हे कुठल्या चोपडीत नव्हतं.

पॉलिश कागदानं घासताना काचेची पूड उडते, ती खाजकुयलीच्या वरताण. शालू अंगाला खोबरेल चोळते आणि बोलते, "डोहाळे पोरीला लागलं आन खाजवतंय बाप."

अंजना मंगळवारी भाऊसोच्या नावेतून आली होती. पोट दिसायला लागलं आहे. जांभळीखाली नावेच्या काठावर हात ठेवून उभी राहिली आणि तुझं पत्र काढून वाचू लागली. काकानं असं लिहिलंय, काकानं तसं लिहिलंय. फौजेतल्या कुणी नव्या रंगरुटानं फायबरची बोट रात्रभर पाण्यात भरून ठेवली, ती गंमत वाचताना तिला हसू आवरेना. मग तुझं वाक्य वाचलं: "दादाला सांग, फायबरला पाणी पाजू नको. फुटक्या जागेतून पाणी थरांत शिरतं आणि मग ठिगळ धरत नाही."

तिनं विचारलं, "आण्णा, तुमी न्हाई ना ठेवली पाण्यात?"

मी म्हणालो, "मला काय कळत न्हाई व्हय?"

भाऊसो तिथंच वल्ह्याला तेल लावत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याचे एवढे उपकार माझ्यावर आहेत.

ती आली माझ्या दारात, टेकली माझ्या नावेला, आणि हसली तुझ्या पत्रावर. दोन वर्षांत माझ्या बोलण्यावर ती तशी हसलेली मला आठवत नाही. तू लिहितोस तरी काय एवढं?

हंबीरराव

११ एप्रिल १९७६

चि. नाथाजीस.

तळाची ठिगळं सुटली. नखानं उचलली तरी निघतात, खाली ओल. काही ठिकाणी फोड आले आहेत, टोचले की आंबूस वासाचं पाणी येतं. पंचेचाळीस फोड. मी प्रत्येक फोड खरवडून उघडा केला आहे. गावातलं शेवटचं गुऱ्हाळ अजून चालू होतं. नाव गाडीवर घालून तिकडं नेली आणि चुलवाणाच्या अंगाला, सहा हातांवर, आठ दिवस वाळत ठेवली. लोक गूळ बघायला यायचे ते नाव बघून जायचे. आता दिवसभर उन्हात असते, संध्याकाळी झाकतो. वजन परत चार माणसांवर आलं आहे.

पाणी कसं शिरलं ते मी लिहिणार नाही. तुला कळलं असेलच.

पाडव्यानंतर आईला आलेलं तुझं पत्र वाचून दाखवलं. आई ऐकून गप्प बसली. तिनं काही कळवायला सांगितलेलं नाही.

हंबीरराव

२२ एप्रिल १९७६

नाथाजी,

हे पत्र पोचायला सहा दिवस लागतात, म्हणून आज सकाळी सायकलवर इस्लामपूरला जाऊन तुला तार केली. तार करणाऱ्या बाबूनं मजकूर विचारला. मी म्हणालो, "ये." तो म्हणाला, "बास?" म्हटलं, बास. बाकीचं इथं लिहितो.

मागच्या पत्रात मी आई गप्प बसली म्हणून लिहिलं, ते खरं होतं. ती गप्प बसली कारण तिच्या कानावर काही गेलंच नव्हतं. तू लिहिलं होतंस की मे महिन्यात दहा दिवसांची रजा मिळते आहे, अंजनाच्या डोहाळजेवणाला यावं असं फार वाटतं, पण दादाच्या मनात नसेल तर येणार नाही, तेव्हा दादाला विचारून महिनाअखेरीच्या आत कळव. मी वरची चार वाक्यं वाचली, तब्येत बरी, हवा थंड, जेवण ठीक. मग एकदम खालचा नमस्कार वाचला आणि घडी घातली.

का केलं तेही लिहितो. नाव माझी, लेक माझी, पंचेचाळीस फोड मी खरवडले. तू येणार, बूट न काढता नावेभोवती एक चक्कर मारणार आणि अर्धा आटा सैल करून सगळं नीट करणार. अंजना टाळ्या वाजवणार. मला ते बघायचं नव्हतं.

काल संध्याकाळी आई चौकटीत बसली होती. मी हातपाय धुऊन आलो तर म्हणाली,

"हंबीर, नाथाजीचं पत्र आन जरा."

"वाचलंय की आई."

"आन तर."

आणलं. तिनं ते उलगडलं, उजेडाकडं धरलं, पालथं केलं, सुलटं केलं.

"दोनी अंगानं भरलंय. तू वाचलंस ते तर माझी तपकिरीची चिमूट संपायच्या आत संपलं."

मी पंचानं हात पुन्हा पुसले.

"म्या आडाणी हाय. आंधळी न्हाई."

मग वाचलं. सगळं, दोन्ही अंगांचं. "दादाच्या मनात नसेल तर" हे वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. नंतर बराच वेळ तपकिरीची डबी नुसतीच हातात फिरवत बसली. शालू चुलीपाशी होती, तिनं भाकरी थापायची थांबवली. मला वाटलं आई आता शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "न्हानपणी तू त्याच्या ताटातलं कंदी घेतलं न्हाईस रं. आन आता माझ्या ताटातलं घेतलंस."

नाथाजी, तिला माहीत नाही की तुझ्या ताटातलं मी एकदा घेतलं आहे.

काहिलीचा दिवस. मी पंधरा, तू बारा. नदीला भाद्रपदातलं पाणी, आणि पलीकडच्या मळ्यात अडकलेले आबा. गूळ कढवायची काहील आपण पाण्यात ढकलली, आठ फूट रुंद, कळकानं ढोसत निघालो. मधल्या धारेत काहील गरगरली, मी तोल जाऊन बाहेर पडलो. मला पोहता येत नव्हतं. आज शेहेचाळीस वर्षांचा आहे, आजही येत नाही. नदीकाठचा मिस्त्री, पस्तीस गावांच्या मोटारी पाण्यात सोडतो, विहिरीत दोर धरून उतरतो, पण पाण्यात पाय उचलत नाही. हे गावात कुणाला ठाऊक नाही. तुला एकट्याला आहे. तू माझे केस धरलेस, दुसऱ्या हातानं काहिलीची कडी धरलीस, आणि पाऊण मैल तसाच वाहत आलास. काठाला लागल्यावर आबांना म्हणालास, "मी पडलो हुतो. दादानं काढलं."

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या बेंदराला मला फेटा बांधला. जन्मात त्यांनी माझं कौतुक केलं ते तेवढंच, आणि ते तुझं होतं. तू ते कधी परत मागितलं नाहीस, कुणाला सांगितलं नाहीस, भांडणातसुद्धा नाही, लग्नात मी तुला उपाशी घालवला तेव्हासुद्धा नाही. हेच मला सलतं. तू एकदा मांडवात ओरडून सांगितलं असतंस तर आपण बरोबरीत आलो असतो.

आता कामाचं.

कुशीची चीर भरली आहे. सतरा रेघा भरल्या आहेत. फोडांच्या जागी सुकं कापड, लहानावर मोठं, असे थर दिले आहेत, एकातही बुडबुडा नाही. भाऊसोनं मुठीनं ठोकून बघितलं. म्हणाला, "आवाज भरीव येतोय." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

तळातली चेचलेली जागा राहिली आहे. ती मी काढूनच टाकली, चांगला कोरडा थर लागेपर्यंत कापत गेलो. तिथं आता आरपार भोक आहे. कडा आतून उतरत्या घासल्या आहेत, एकास बारा या उतारानं. ते भरलेलं नाही.

दुसरं एक. सात मेला अंजनाबरोबर नावेत कुणीतरी पोहणारं पाहिजे. सात महिन्यांची गरवार पोर आहे. मी बरोबर बसलो तर लोकांना नाव दिसेल, बाप दिसेल. काही झालं तर मला फक्त बघता येईल. भाऊसोला सांगता येतं. पण मग त्याला कारण सांगावं लागेल.

दादा

५ मे १९७६
(जावयाच्या हाती)

नाथाजी,

तुझी तार पोस्टमननं दारातूनच ओरडून वाचली, त्यामुळं मला ती आईला वाचून दाखवावी लागली नाही. ती दोनदा म्हणाली, "आता खरं वाचलं."

ही चिठ्ठी देणारे लालासाहेब, आपले जावई. लग्नात तुझी त्यांची नीट ओळख झाली नाही, ती माझ्यामुळं. मी ताकारी स्टेशनवर आलो नाही याचा राग धरू नको. फलाटावर काय बोलायचं ते मला येत नाही, आणि दुपारी नाव सोडून येता येत नाही, ऊन फिरलं की नव्या थरांवरची सावली फिरवावी लागते.

शालूनं तुझ्यासाठी दोन वर्षांपूर्वीच्या पंगतीतलं सगळं पुन्हा केलं आहे, आमटीसकट. आधी जेव. बूट काढले नाहीस तरी चालेल.

अंजना कालपासून इथं आहे. हिरवी साडी आली, फुलांची वाडी भाऊसोच्या बायकोनं गुंफायला घेतली आहे. पोरीनं मला विचारलं, "आण्णा, एवढं एक भोक का ठेवलंय?" मी सांगितलं, तुझा काका येऊन भरणार. ती हसली. माझ्या बोलण्यावर.

भोक साडेतीन इंच बाय पाच आहे. अशा भोकाला बाहेरून कुणीतरी मेण लावलेली फळी घट्ट दाबून धरायची असते, मगच दुसऱ्याला आतून थर देता येतात. एकट्याचं काम नव्हे ते. संध्याकाळी पाचनंतर उन्हाचा तडाखा उतरतो, तेव्हाचं हार्डनरचं माप वहीच्या सहाव्या पानावर बघ. ते बरोबर आहे, पण तुला वाटलं तर बदल.

आतून थर तू दे. बाहेरून फळी मी धरतो.

दादा